शेवटच्या वळणापर्यंत करंट

"बाबा, आज तेवढी गाडी बंद ठेवा. पाहुणे गेले की खेळा दिवसभर."

सुनीलने सकाळपासून हे कितीदा तरी सांगून पाहिलं होतं. राधाकृष्णरावांनी टेबलाखालून नुसतं डोकं बाहेर काढलं.

"खेळा काय? लपवायला मी काय चोरी केलीय? ज्यांना या घराशी नातं जोडायचंय, त्यांनी आधी गाडी बघावी."

कोपरगावच्या त्या घरातली पुढची खोली या खेळण्यातल्या आगगाडीनेच गिळली होती. निवृत्त झालेल्या या भूगोलाच्या मास्तरांनी बायको गेल्यावर एक टेबल मांडलं, मग त्याला दुसरं जोडलं आणि शेवटी सोफा पडवीत गेला. टेबलांवर गोदावरीचा पूल होता, उसाच्या वाघिणी होत्या, कारखान्याचं धुराडंही होतं. फक्त गाडी धड फिरत नव्हती. दाराजवळून ऐटीत सुटायची, पूल ओलांडायची आणि खिडकीजवळच्या वळणावर मान टाकायची.

या गाडीपायी एक स्थळ हातचं गेलं होतं. खेळणी मांडून बसणाऱ्या घरात कसं नांदायचं, असा निरोप आला होता. सुनीलला तो फार लागला होता. म्हणून हे स्थळ त्याला काही झालं तरी जमवायचं होतं. संस्कृतीशी फोनवर बोलून बोलून दोघांनी सगळं जुळवत आणलं होतं. राहिली होती ती मोठ्यांची पसंती, आणि मोठ्यांचं काही सांगता येत नाही.

पाहुणे वेळेवर आले. बेलापूरच्या विजयमालाबाई, त्यांची मुलगी संस्कृती आणि मध्ये पडलेले रंगनाथमामा. पोहे सुनीलनेच केले होते. घरात दुसरं होतं कोण? विजयमालाबाईंचे यजमान जाऊनही बरीच वर्षं झाली होती. ऊस, डाळिंब, माणसं, सगळं त्या एकट्या सांभाळायच्या, आणि ते त्यांच्या नजरेत दिसत होतं. त्यांनी आधी छप्पर बघितलं, मग खिडक्या आणि मग गाडी.

"चालती का ही?"

सुनीलने डोळे मिटून घेतले. राधाकृष्णरावांना तर एवढंच हवं होतं. कालच नाशिकहून मोठा अडॅप्टर आणला होता. त्यांनी बटण फिरवलं. गाडी सुसाट निघाली, पुलावर डगमगली, वळणावर आली आणि थांबली.

संस्कृतीला हसू आवरेना. रंगनाथमामा घाईघाईने म्हणाले, "पोहे लई झ्याक झाल्यात बरं का!"

राधाकृष्णरावांचा चेहरा उतरला. "दुप्पट ताकदीचा आणला. आता जवळ नुसती उधळते आणि लांब गेली की दमते ती दमतेच."

विजयमालाबाई हसल्या नाहीत. बशी ठेवून त्या उठल्या आणि टेबलाला वळसा घालून खिडकीपर्यंत गेल्या.

"करंट कुठनं सोडलाय?"

"दारापाशी. तिथून रुळांतूनच पुढं जातो."

"मग टेलला, पार शेवटाला, काय पोचंल? आमच्या डाळिंबाचं असंच हुतं. लांबच्या ओळी सुकायच्या. मोटार मोठी घेतली, तर जवळच्या नळ्या फुटल्या. शेवटी जाड पाईप पार टोकापर्यंत नेला अन् मधीमधी जोड काढले."

राधाकृष्णरावांनी दारापासून खिडकीपर्यंत रुळांवरून नजर फिरवली.

"म्हणजे आधीचा अडॅप्टर पुरेसा होता," ते हळूच म्हणाले. "वाटच बारीक होती. सुनील, माळ्यावरचं जाड वायरीचं भेंडोळं काढ!"

"बाबा, आत्ता? पाहुणे..."

"मी धरते ना वायर," संस्कृती म्हणाली आणि ओढणी कमरेला बांधून सरळ टेबलाखाली शिरली. सुनीलही मागोमाग गेला. रंगनाथमामांनी टोपी उचलली.

"दोघांना बोलू द्या जरा निवांत," असं म्हणून ते पडवीतल्या सोफ्यावर जाऊन बसले.

टेबलाखाली जाड वायर कडेकडेने पसरत गेली. वरून राधाकृष्णराव रुळाला बारीक वायरी कथिलाचे डाग देऊन जोडत होते. विजयमालाबाईंनी न सांगता चिमटा हातात घेतला होता.

"लाल लालला, काळी काळीला," ते म्हणाले. "उलटं झालं तर सगळंच बंद."

"म्हाईत हाय. मोटारीची पेटी मीच उघडते."

"एकट्या?"

"दुसरं कोन हाय? पोरगी लांब नोकरीला. संध्याकाळी बोलायला फक्त मुनीम."

"मला तर तोही नाही. मी या गाडीशी बोलतो."

टेबलाखाली सुनील आणि संस्कृतीने एकमेकांकडे बघितलं.

शेवटचा डाग थंड झाला. राधाकृष्णरावांनी जुना, लहान अडॅप्टर लावला आणि बटण अगदी हलक्या हाताने फिरवलं. गाडी निघाली. पुलावरून तोलात गेली. खिडकीचं वळण आलं तसे सुनील आणि संस्कृतीही टेबलाखालून बाहेर आले. गाडीने वळण घेतलं आणि त्याच चालीने कारखाना मागे टाकून दाराशी आली. थांबली नाहीच, पुढच्या फेरीला लागली.

"गेली! गेली!" राधाकृष्णराव लहान पोरासारखे ओरडले. संस्कृतीने टाळ्या पिटल्या. रंगनाथमामा पळत आत आले.

"आता मुद्द्याचं बोला," ते म्हणाले. "पेढे मागवू का नगं?"

सुनील बाबांकडे बघायला लागला. संस्कृती आईकडे टक लावून बघत होती.

"मागवा," राधाकृष्णराव कसेबसे म्हणाले. "आमच्याकडून होकार आहे."

विजयमालाबाईंनी चिमटा खाली ठेवला आणि पदर सारखा केला.

"माझाबी व्हय. रजिस्टर लग्नच करू, मास्तर, या वयात मला हळदीबिळदीचा सोस न्हाई. पोरं दोन्हीकडची राजी हायेत, अजून काय पायजे?"