नवसाचा वणवा

संगमनेरच्या पठारावरील राखीव वनात चैत्रातले गवत पार वाळून गेले होते. त्या गवतात काड्यापेटी घेऊन बसलेली एक वृद्धा दृष्टीस पडताच वनरक्षक भागवत धावत गेला आणि जवळ पोहोचताच थबकला. त्या त्याच्या मातोश्री होत्या, गोजरबाई.

"आई, जंगलात आग लावनं गुन्हा हाय. तुरुंगात जावं लागतं."

"ठाव हाय. दोन लुगडी बांधून आनलीत." त्यांनी शांतपणे शेजारचे गाठोडे दाखवले. "देवीला नवस बोलले हुते, डोंगर पेटवीन म्हनून. न्हाई फेडला तर तुला भोगावं लागंल."

"आन् तुला धरून न्यायचं कुनी?"

"तूच की. दुसरं कोन हाय हितं?"

भागवत त्यांच्याजवळ गवतातच बसला. "असं मागितलंस तरी काय देवीला?"

गोजरबाईंनी त्याच्या खाकी सदऱ्याला चिकटलेले कुसळ हलकेच काढले. "ही वर्दी."

भागवतने टोपी उतरवली आणि शिखरावरील देवळाकडे पाहून हात जोडले. "देवी, नवस मी अडवला. काय शिक्षा असंल ती मला दे."

गोजरबाईंनी काड्यापेटी टाकून तत्काळ त्याच्या तोंडावर हात ठेवला आणि त्या देवळाकडे वळून विनवू लागल्या, "त्याचं मनावर घिऊ नगंस, माय. लेकरू सरकारी कामावर हाय."