सुखरूप

लागोपाठ दोन दिवस हवाई हल्ल्याचे सायरन वाजले आणि संघप्रियाने ठरवून टाकलं, चार वर्षांच्या यशूला वाशिमला आजीकडे पाठवून द्यायचं. ओळखीचं एक कुटुंब पुढच्या आठवड्यात गावी निघालं होतं. बहरीनच्या जनाबिया भागातल्या ज्या इंग्रज म्हातारीची ती देखभाल करायची, त्या मिसेस हॉब्जकडे तिने सकाळच्या गोळ्या देता देता एका दिवसाची सुट्टी मागितली.

"मलाही असंच पाठवलं होतं," नव्वदी ओलांडलेल्या बाई म्हणाल्या. "लंडनवर रोज बॉम्ब पडायचे. आईने माझ्या गळ्यात नावाची चिठ्ठी अडकवली आणि खेड्याकडे जाणाऱ्या आगगाडीत बसवून दिलं. पाच वर्षांची होते मी."

"पण सुखरूप राहिलात ना, मॅडम?"

"अगदी सुखरूप. मग लढाई संपली. सगळ्यांच्या आया मुलांना न्यायला आल्या. माझी आली नाही."

"बॉम्बमध्ये गेल्या?" संघप्रियाने विचारलं.

"छे! चांगली ऐंशी वर्षं जगली ती." बाईंनी पाण्याचा घोट घेतला. "तिला माझ्याशिवाय राहायची सवय झाली होती, एवढंच."

संघप्रियाने गोळ्यांची डबी बंद केली. यशूचं तर अजून तिकीटही काढलं नव्हतं. पण थोरल्या धम्मदीपला कोविडच्या वर्षी तिनेच वाशिमला पाठवलं होतं, सहा महिन्यांसाठी म्हणून. मग आणायचं राहूनच गेलं. आता तो आठवीत होता.