कपातलं नाणं

ओरेस्टने तळघरातल्या फ्रीजरचं झाकण उघडलं, आतला कप दिव्याखाली धरला आणि ओरडला, "डार्का! आधी खाली ये. सामान मागाहून उतरव."

अंगणात ट्रेलर अजून गाडीला जोडलेलाच होता. अख्खा हिवाळा ॲरिझोनाच्या उन्हात काढून दोघं नवराबायको आत्ताच उत्तरेला, सस्कॅचवानला घरी परतली होती. आल्या आल्या ओरेस्टने शेगडीवरून बोट फिरवलं, नळाखाली वाकून पाहिलं, पलंगावरची चादरसुद्धा हुंगली. डार्का या तपासणीला सरावली होती. मागल्या हिवाळ्यात घरचा नळ उघडा राहिल्याचा संशय येऊन या माणसाने निम्म्या वाटेवरून, भर वादळात, ट्रेलर मागे वळवला होता. नळ घट्ट बंद होता.

"बघ," त्याने कप तिच्या नाकाशी धरला.

हिवाळ्यात दक्षिणेला जाणारा जो तो इथे हे करतो. कपात पाणी गोठवायचं, बर्फावर एका बाजूला राणी नि दुसऱ्या बाजूला हरीण असलेलं इथलं नाणं ठेवायचं आणि कप फ्रीजरमध्ये सोडून निघायचं. मागे वीज गेली की बर्फ वितळतं, नाणं तळाला जातं आणि वीज आल्यावर तिथेच थिजतं. मग फ्रीजरमधलं सगळं फेकून द्यायचं.

"वरच तर आहे नाणं," डार्का म्हणाली.

"वर आहे, पण राणीचं तोंड वर आहे! मी कायम हरणाची बाजू वर ठेवतो. बर्फात हरीण शोभतं, राणी नाही. दर वर्षी सांगतो की नाही?"

"दर वर्षी. पाठ झालंय मला."

"म्हणजे बर्फ वितळलं होतं. कुणीतरी पुन्हा गोठवून नाणं वर मांडलंय. किल्ली कुणाकडे होती? वॉल्टरकडे! आणि फोनवर काय म्हणायचा? सगळं ठीक, तुम्ही ऊन खा. पाणी मुरतंय डार्का, कुठेतरी पाणी मुरतंय. नासकं अन्न आपल्या गळ्यात मारायचा बेत!"

"वॉल्टर? शाळेत तुझ्या बाकावर बसायचा तो?"

"तेव्हाही माझ्या पेन्सिली पळवायचा. आज किल्ली परत घेतो आणि तोंडावर सांगतो, पुन्हा माझ्या दारात पाय ठेवू नकोस."

हा बोलल्याप्रमाणे करणारा माणूस होता. सख्ख्या भावाशी तोडलेलं त्याने अजून जोडलं नव्हतं. रस्त्यापलीकडचा वॉल्टर आणि त्याची बायको नॅडिया सोडली, तर या गावात त्यांना हाक मारणारं उरलं होतं कोण?

तिने पिरोग्यांची एक पिशवी वर काढली. बटाटा नि चीज भरलेल्या पिरोग्या म्हणजे आपल्या करंज्यांच्या बहिणीच. निघण्याआधी ती त्या करून ठेवायची; परतल्यावर पहिलं जेवण त्यांचंच. पिशवीवर तिचंच अक्षर होतं. तिने तोंड सोडून वास घेतला. नासका वास नव्हता.

मग तिला कडा दिसल्या. ती स्वतः दोन बोटांनी दाबून मोकळी व्हायची. या कडांना बारीक मुरड होती, दोरीला पीळ द्यावा तशी. अशी मुरड गावात एकटी नॅडिया घालायची. पण नॅडियाची बोटं संधिवाताने कधीचीच वाकली होती. निरोप द्यायला आली तेव्हा तिच्या कोटाची बटणंही वॉल्टरने लावली होती. मुरड जागोजागी वाकडी होती. काही ठिकाणी सुटलेली, पुन्हा चिमटून बसवलेली. डार्काने दुसरी पिशवी उघडली, तिसरी उघडली. सगळीकडे तेच. तिला एकदम भरून आलं.

"या माझ्या नाहीत," ती म्हणाली.

"बघितलंस! मी म्हटलं नव्हतं? बदलल्या त्या—"

"तोंड मिट आणि कडा बघ."

त्याने बघितल्या. नॅडियाच्या हातच्या पिरोग्या त्याने जन्मभर खाल्ल्या होत्या. एक पिरोगी उचलून त्याने तिच्या मुरडीवरून बोट फिरवलं.

"मग वीज गेली नि सगळं नासलं, हे सांगितलं का नाही?" त्याचा आवाज उतरला होता.

"सांगितलं असतं तर ट्रेलर वळवला असतास. भर जानेवारीत, बर्फातून."

वर दार वाजलं. "भाजून आलात का रे?" म्हणत वॉल्टर जिना उतरला. किल्ली ओरेस्टपुढे धरली होती, पण डोळे उघड्या फ्रीजरवर होते. चोराच्या मनात चांदणं. "सगळं... ठीक आहे ना?"

ओरेस्टने नखाने कपातलं नाणं उचकटलं आणि तळहातावर घेतलं. वॉल्टर त्या नाण्याकडे बघत राहिला.

"नॅडिया कशी आहे?" डार्काने घाईने विचारलं.

"बोटांची लाकडं झालीत. या हिवाळ्यात कशाला हात म्हणून लावला नाही तिने."

"किल्ली राहू दे तुझ्याकडेच," ओरेस्ट म्हणाला. "आणि तिला घेऊन जेवायला ये. डार्काच्या पिरोग्या आहेत. जशाच्या तशा राहिल्यात."

त्याने नाणं परत बर्फावर ठेवलं, राणीचं तोंड वर करून, आणि फ्रीजरचं झाकण लावलं.