अपघाताविना ९१२ दिवस

"ढोबळेबाई, हात पुढे करा. दोन मिनिटांत जखम भरून येईल," म्हणत सुपरवायझर गायधनी प्लाझ्मा पेन घेऊन धावत आला. पेनाच्या टोकाला जांभळी, गार ज्योत फुरफुरत होती.

प्रणिता ढोबळेने मूठ आवळली. बोटांमधून रक्त ठिबकत होतं. पत्रा कापणाऱ्या तिच्या प्रेसचा, हात आत गेला की मशीन थांबवणारा सेन्सर दिवाळीपासून बंद होता आणि ही तिची अकरावी जखम होती. आधीच्या दहा जखमांचा वणसुद्धा उरला नव्हता. मागच्या महिन्यात तिने तक्रार केली, तेव्हा तपासणीला आलेल्या साहेबांनी तिचे तळवे उलटसुलट पाहिले आणि ते हसले. "बाई, कुठे लागलंय? हे हात तर नव्या नवरीचे वाटतात!"

ते हसू अजून तिच्या डोक्यात ठणकत होतं.

"हात द्या म्हणतो ना!" गायधनी खेकसला. "उगाच तमाशा नको."

"जळ्ळं मेलं तुमचं पेन! उद्या बोट तुटलं, तर तेही उगवून देणार का?"

ती तरातरा कारखान्याच्या फाटकाशी गेली. गायधनी पेन घेऊन मागे पळाला. तिथल्या फळ्यावर लिहिलं होतं, 'अपघाताविना ९१२ दिवस'. तो आकडा गायधनी रोज सकाळी स्वतःच्या हाताने खडूने वाढवायचा. प्रणिताने मूठ उघडली आणि रक्ताळलेला तळवा त्या आकड्यावरून फिरवला.

"चालवा आता पेन," ती सगळ्या शेडला ऐकू जाईल अशी ओरडली, "ह्याच्यावर चालवा! बघू दे सगळ्यांना, हा कसा भरून येतो ते."