यंदा बर्फ गप्प आहे

मुलीचं पत्र नोव्हेंबरात आलं होतं आणि वर्नरने त्याला उत्तर दिलं नव्हतं. 'बाबा, दर रविवारी फोन करते, तुम्ही उचलत नाही. एकटं राहणं झेपत नसेल तर घर विकून टाका, इकडे डुलुथला तुमची खोली तयार आहे. झेपत असेल तर तसं कळवा, मी पुन्हा विषय काढणार नाही.' फोन उन्हाळ्यापासून एकदाही वाजला नव्हता. पोटची पोर खोटं लिहिते, तिला काय उत्तर द्यायचं?

आता जानेवारी संपत आला होता. अंधार पडला की वॉलआय मासे उथळाकडे येतात, तासभर चरतात आणि निघून जातात. तेवढ्या तासासाठी वर्नर गोठलेल्या तळ्यावरच्या आपल्या खोपीत बसला होता. समोरच्या भोकात त्याने हाताने दोरी सोडली होती. पाठीमागच्या भोकावर भिंतीला रीळ होतं, रिळाला बोटाच्या पेराएवढी घंटी. मासा ओढू लागला की ती वाजते. यंदा ती वाजलीच नव्हती.

दार उघडलं. शेजारच्या खोपीतला डेलमार आत आला.

"ध्यानाला बसलायस का रे?" त्याला ओरडून बोलायची सवय होती, निदान वर्नरला तसं वाटे.

"दार लाव आधी. गारठा येतोय."

"तुझी घंटी केव्हाची वाजतेय. माझ्या खोपीत ऐकू आली. म्हटलं, म्हातारा गचकला की काय."

वर्नर हसला. "कसली घंटी! यंदा तळ्यात मासाच नाही. आणि एरवी थंडीत तडकून गरजणारा बर्फ बघ, यंदा किती गप्प आहे. पन्नास वर्षांत असा बर्फ पाहिला नाही मी."

हे तो आमिषाच्या दुकानातही सांगे. तिथले लोक माना डोलवत.

तेवढ्यात पायाखालून काहीतरी सरकत गेलं. कंदिलाची काच थरथरली, भोकातलं पाणी हिंदकळलं. डेलमारची मान आपोआप पूर्वेकडे वळली, आवाज गेला तिकडे. वर्नर त्या वळलेल्या मानेकडे बघत राहिला.

"आत्ता गरजला का?"

"तोफेसारखा," डेलमार म्हणाला. मग जवळ येऊन, "कालही रात्रभर चालू होतं. मला झोप नाही."

वर्नर मागे वळला. रिळावरची दोरी शेवटच्या गाठीपर्यंत उलगडून पाण्यात ताठ उतरली होती आणि घंटी नाचत होती. त्याने तिच्याकडे नीट पाहिलं. डेलमारने दोरीला हात घातला, तशी ती सैल पडली. गळ वर आला तो रिकामा.

"मोठा होता," डेलमार म्हणाला.

"फोन याच्याहून मोठ्याने वाजतो, नाही का?"

"तुझा? रविवारी तुझ्या अंगणातला बर्फ काढतो ना, तेव्हा वाजतच असतो. मला वाटलं, तुझं नि पोरीचं बिनसलंय. मग कशाला विचारा."

वर्नरने कंदिलाची वात कमी केली. मग पुन्हा मोठी केली.

"आणि दुकानात मी बर्फाचं सांगायचो, तेव्हा?"

डेलमारने टोपी काढून झटकली. तिच्यावर झटकण्यासारखं काही नव्हतं. "तुला कुणी सांगायचं रे," तो म्हणाला.

सकाळी वर्नरने कागदाची एकच बाजू भरली. 'तू फोन करत होतीस. मला ऐकू येत नव्हतं. तळ्यावरून खोपी हलवायची मुदत मार्चमध्ये संपते. त्यानंतर ये आणि मला घेऊन जा.' रस्त्याकडेच्या पेटीत पत्र ठेवून त्याने पेटीचा लाल पत्रा वर केला. पत्रा वर दिसला की पोस्टाची गाडी थांबतेच. तरी तो घरात गेला नाही. वळणाकडे डोळे लावून थंडीत उभा राहिला.

तासाभराने गाडी आली. पोस्टातल्या बाईने पत्र उचललं, पत्रा खाली पाडला आणि काहीतरी म्हटलं. वर्नरने मान डोलावली.