लाखलनची शीळ

ऑक्टोबरात आम्ही मेंढरं टेकडीवरून खाली आणत होतो, तेव्हा शेजारच्या फिनलेची कुत्री फ्लॉस एकदम उलट्या दिशेला धावली. वरून कुणीतरी शीळ घातली होती. दोन चढे सूर, मग एक लांब, उतरता. तशी शीळ फिनलेचा धाकटा भाऊ लाखलन घालायचा. फ्लॉस पिल्लू असताना तिला त्यानंच शिकवलं होतं. पण लाखलन तर सप्टेंबरातच ग्लासगोत वारला होता.

"वारा असेल रे," मी म्हटलं.

"वारा कुत्रीला हाक मारतो होय, पेगी?"

मग शीळ रोजच येऊ लागली, आणि नाताळापर्यंत पार कुंपणापाशी आली. फिनलेचं जेवण सुटलं.

"उन्हाळ्यात फोन केला होता त्यानं," तो म्हणाला. "घरी येऊ का, विचारत होता. मी म्हटलं, इथे तुझं काय ठेवलंय?"

"मग आता बोलाव की. तुझं मन तरी हलकं होईल."

जानेवारीत एकदा दिवेलागणीला मी फिनलेकडे बसले होते, तेव्हा शीळ थेट दाराबाहेर वाजली. फिनलेनं दार उघडलं.

"ये बाबा, घरात ये. चुकलं माझं."

बाहेर कुणीच नव्हतं. फ्लॉस मात्र शेपटी हलवत दाराशी गेली, कुणाच्या तरी पायांत घोटाळत परत आली आणि विस्तवाजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी बसली. फिनले लहान मुलासारखा रडू लागला. मी डोळे पुसत दार लावायला उठले.

तेवढ्यात लांब टेकडीवरून तीच शीळ आली.

फ्लॉसनं कान टवकारले. मग खुर्चीकडे वर पाहिलं आणि गुरगुरत मागे सरकू लागली.