खिडकीपुढची रांग

सासूबाईंनी सुनेला स्टुलावर बसवलं आणि सवयीनं तिच्या वतीनं उत्तरही देऊन टाकलं. "जिन्यावरून पडली. चालताना लक्ष कुठं असतं हिचं."

भुवईवरची जखम पुसत सिस्टरनं ते ऐकून घेतलं. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या दंडावर चार बोटांचे वळ उठत नाहीत, हे ड्रेसिंगच्या खोलीत एकोणीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. पण सासू समोर असताना सून तोंड उघडणार नव्हती.

म्हणून सिस्टरनं नेहमीची युक्ती केली. टाके घालून झाल्यावर म्हणाली, केसपेपरवर शिक्का हवा, आणि खिडकी इमारतीच्या पार दुसऱ्या टोकाला आहे. सासूबाईंनी डावा कान पुढे करून पुन्हा सांगायला लावलं. उजव्यानं वयापायी कधीच राजीनामा दिलाय, असं हसत म्हणाल्या आणि गुडघे चोळत निघाल्या.

सिस्टरनं नळ मोठा सोडला. पाण्याच्या आवाजात बोलणं बाहेर जात नाही. पाठमोरी होऊन हात धूत तिनं विचारलं, "कोण मारतं, ताई?"

सिस्टरनं हातांना पुन्हा साबण लावला. मग मागून आलं, "नवरा."

सासूबाई पंचवीस मिनिटांनी परतल्या. दाराबाहेर दोनदा खोकल्या आणि मग आत आल्या. खिडकीपुढे मुंगी शिरायला जागा नाही, अशी त्यांची तक्रार होती.

सिस्टरचा एक नेम होता. घरी गेल्यावर दिवा लावायचा आणि त्या दिवशी उपयोगी पडलेल्या तिघांचे आभार मानायचे. ताप असला तरी चुकवायचं नाही. त्या संध्याकाळी तिनं देवाचे, सुनेच्या धीराचे आणि त्या रांगेचे आभार मानले.

पुढच्या दोन्ही ड्रेसिंगला रांग तेवढीच लांब होती, खोकलाही तसाच. तेवढ्या वेळात सिस्टरनं एकेक वळ नोंदवहीत उतरवला, डॉक्टरांची सही घेतली, समाजसेविकेला बोलावून सुनेशी गाठ घालून दिली. बायकांच्या निवाऱ्यात जागा मिळाली. टाके काढायच्या दिवशी अकरा वाजता मागच्या दारी गाडी येणार होती. सासू घरी जाऊन लेकाच्या कानावर घालेल, त्याच्या आत सून लांब पोचायला हवी होती. तिचे दाखले नवऱ्याच्या कपाटात कुलपाआड होते. ते सोडूनच जायचं ठरलं.

उपकार कसे फेडू, असं सून म्हणाली, तेव्हा सिस्टर हसली. "माझे कसले? रांगेचे फेडा."

त्या दिवशी टाके निघाले, तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती. सिस्टरनं केसपेपर पुढे केला. "मावशी, शेवटचा शिक्का तेवढा."

सासूबाई हलल्या नाहीत. मांडीवरची पिशवी त्यांनी आणखी घट्ट धरली. "आज नाही जायची मी."

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. शिक्क्याशिवाय औषध मिळायचं नाही, असं सिस्टरनं सांगून पाहिलं. तेव्हा सासूबाई उठल्या, पण दाराकडे न जाता बेसिनपाशी गेल्या आणि नळ पुरता सोडला.

"त्या खिडकीपाशी चाराच्या वर माणसं कधी नसतात," त्या हळू म्हणाल्या. "मी आपली बाकावर बसून घड्याळ बघायचे. आज शेवटची खेप. म्हणजे काय ते आजच, एवढं मला कळतं."

पिशवीतून त्यांनी सुनेचे दाखले काढले, ओळखपत्र काढलं, दोन घड्या कपडे काढले आणि सगळं तिच्या ओटीत ठेवलं. कपाटाची किल्ली कशी मिळवली, ते सांगितलं नाही. सून तोंडावर पदर धरून रडत होती.

सिस्टरचे हात आपोआप जोडले गेले. "मावशी, तुमचे आभार मी कसे..."

सासूबाईंनी ते हात खाली केले. नोंदवही तिच्यापुढे सरकवली, केस मागे सारले आणि उजवी बाजू उजेडाकडे वळवली.

"आभार राहू द्या, सिस्टर. हा कानही लिहून घ्या. वयानं नाही गेला तो, माझ्या लेकानं घालवला."